जपानी की कोरियन? परकीय भाषेच्या निवडीतील भावी उपयुक्ततेचा विचार

प्रस्तावना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरावर ज्या परकीय भाषा उपलब्ध करून द्याव्यात असे सुचविले आहे, त्यांत जपानी आणि कोरियन या दोन्ही भाषांचा नामनिर्देश आहे. महाविद्यालयीन स्तरावरही कौशल्याधारित व मूल्यवर्धित अभ्यासक्रमांच्या निमित्ताने परकीय भाषांचे प्रमाणपत्र वर्ग सुरू करण्याकडे कल वाढला आहे. अशा वेळी विद्यार्थी आपल्या शिक्षकांकडे येऊन एक साधा प्रश्न विचारतात : जपानी शिकावी की कोरियन? पुढे कोणती उपयोगी पडेल? प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर साधे नाही. बहुतेक वेळा हे उत्तर ऐकीव माहितीवर दिले जाते. कोणाच्या नात्यातील व्यक्ती जपानला गेलेली असते, तर कोणी कोरियन मालिकांच्या लोकप्रियतेकडे बोट दाखवितो. परिणामी विद्यार्थ्याची दोन-तीन वर्षे, पालकांचे पैसे आणि महाविद्यालयाच्या तासिका अशा निर्णयावर खर्च होतात, ज्याचा पाया तपासलेला नसतो.

प्रस्तुत लेखाचा उद्देश या दोन भाषांची श्रेष्ठ-कनिष्ठता ठरविणे हा नाही. भाषेची भावी उपयुक्तता कशावर अवलंबून असते, ती कोणत्या टप्प्यापासून प्रत्यक्षात येते आणि महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला मार्गदर्शन करताना प्राध्यापकांनी कोणते निकष वापरावेत, याचे विवेचन येथे केले आहे.

१. उपयुक्ततेचे भाकीत आणि इतिहासाचा अनुभव

भाषेची उपयुक्तता ठरविताना सामान्यतः त्या देशाच्या तत्कालीन वैभवाकडे पाहिले जाते. इतिहासाचा अनुभव मात्र या पद्धतीविषयी सावध करणारा आहे. १९५५ च्या करारानुसार सोव्हिएत साहाय्याने भिलाई पोलाद कारखाना उभा राहिला. त्यानंतरच्या तीन दशकांत संरक्षण, अवजड उद्योग आणि तांत्रिक शिक्षण या क्षेत्रांत रशियन भाषा भविष्याची भाषा मानली जात होती. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाले आणि हे गणित काही महिन्यांतच बदलले.

जपानीच्या बाबतीत याच्या उलट घडले. १९७९ मध्ये एझ्रा व्होगेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचे जपानला अग्रक्रमांकाचे राष्ट्र म्हणणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९८० च्या दशकात जपान अमेरिकेला मागे टाकेल, असे अनेकांना वाटत होते. डिसेंबर १९८९ मध्ये टोकियो शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ज्या उच्चांकाला पोहोचला, तो ओलांडण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. म्हणजे आर्थिक महासत्तेचे भाकीत खोटे ठरले. तरीही १९८९ मध्ये जपानी शिकू लागलेल्या विद्यार्थ्याचे नुकसान झाले असे म्हणता येत नाही. पुढील काळात माहिती तंत्रज्ञान, वाहन उद्योग आणि मनुष्यबळाची टंचाई या वेगळ्याच कारणांनी त्या भाषेला मागणी राहिली.

कोरियाचे उदाहरणही असेच बोलके आहे. डिसेंबर १९९७ मध्ये दक्षिण कोरियाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून मदत घ्यावी लागली. त्या वेळी कोरियन शिकण्याचा सल्ला फारसा कोणी दिला नसता. परंतु पुढच्याच वर्षी चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथे ह्युंदाईच्या कारखान्यात मोटारींचे उत्पादन सुरू झाले आणि भारतात कोरियन भाषेला औद्योगिक अधिष्ठान मिळाले.

या उदाहरणांवरून असे दिसते की, भाषेच्या मागणीवर परिणाम करणारे घटक दोन प्रकारचे असतात. चित्रपट-मालिकांची लोकप्रियता, चलनाचा दर, एखाद्या कंपनीची भरती हे शीघ्रगती घटक होत. लोकसंख्येची वयोरचना, उभी राहिलेली कारखानदारी, दोन देशांमधील करार आणि भाषाशिक्षणाची स्थानिक परंपरा हे मंदगती घटक होत. विद्यार्थ्याला भाषा उपयोगात आणण्याइतकी येण्यास चार-पाच वर्षे लागतात. तोपर्यंत शीघ्रगती घटक बदललेले असतात. म्हणून निवड करताना मंदगती घटकांना अधिक महत्त्व देणे इष्ट ठरते. सोव्हिएत संघाच्या उदाहरणावरून हेही लक्षात येते की, मंदगती घटकही अभंग नसतात. तथापि, त्यांच्यावर आधारलेला अंदाज चुकण्याची शक्यता तुलनेने कमी असते.

२. मंदगती घटकांचा तुलनात्मक विचार

अ) लोकसंख्या : दोन्ही देश वृद्धत्वाकडे झुकले आहेत. जपानची लोकसंख्या २००८ च्या सुमारास सुमारे १२ कोटी ८० लाखांच्या शिखरावर होती, त्यानंतर ती घटत गेली. तेथे ६५ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सुमारे २९ टक्के आहे. दक्षिण कोरियाची लोकसंख्या ५ कोटींहून थोडी अधिक आहे. २०२३ मध्ये तेथील एकूण जननदर ०.७२ इतका खाली गेला. २०२४ मध्ये तो ०.७५ झाला. २०२४ च्या अखेरीस तेथील ६५ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. म्हणजे श्रमशक्तीची जी टंचाई जपानला आज जाणवते, ती कोरियाला पुढील काळात अधिक तीव्रतेने जाणवेल. केवळ लोकसंख्येच्या निकषावर पाहिल्यास दोन्ही भाषांना भविष्य आहे.

आ) करार व प्रवेशाचे मार्ग : टंचाई असणे आणि त्या टंचाईचा लाभ भारतीय विद्यार्थ्याला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपानने एप्रिल २०१९ पासून 'विशिष्ट कुशल कामगार' या प्रवर्गात परकीयांना प्रवेश देण्यास सुरुवात केली आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याविषयी सहकार्य करार केला. वृद्धशुश्रूषा, बांधकाम, शेती, अन्नप्रक्रिया, उपाहारगृहे अशी क्षेत्रे त्यात येतात. २०२४ मध्ये त्यांची संख्या १६ करण्यात आली. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत पाच लाख व्यक्तींच्या देवाणघेवाणीचा कृतिआराखडा जाहीर केला. त्यात भारतातून जपानला जाणाऱ्या ५० हजार कुशल मनुष्यबळाचे उद्दिष्ट आहे. जपानमधील परकीय कामगारांची संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये सुमारे २३ लाख होती.

कोरियाची 'रोजगार परवाना पद्धती' २००४ मध्ये सुरू झाली. ठरावीक देशांशी करार करून तेथील कामगारांना भाषा परीक्षेच्या आधारे निवडले जाते. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका आणि पाकिस्तान हे भारताचे शेजारी या यादीत आहेत, भारत नाही. काठमांडूतील तरुणाला कोरियन शिकून जो मार्ग खुला होतो, तो पुण्याच्या किंवा नांदेडच्या तरुणाला खुला होत नाही. भारतीयांसाठी कोरियातील मार्ग प्रामुख्याने उच्च शिक्षण, संशोधन आणि व्यावसायिक नियुक्ती यांमधून जातात. नेपाळमधील कोरियन वर्गांची गर्दी पाहून महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला सल्ला देणे म्हणूनच दिशाभूल करणारे ठरेल.

इ) स्थानिक उद्योग : भारतात सुमारे १,४०० जपानी कंपन्या कार्यरत आहेत. महाराष्ट्रापुरते पाहिल्यास चाकण परिसर, तसेच अहिल्यानगर जिल्ह्यातील सुपे औद्योगिक क्षेत्रातील जपानी उद्योगांसाठीचा विभाग यांचा उल्लेख करता येईल. टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर येथील प्रकल्पासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. जपानी अर्थसाहाय्याने मुंबईची मेट्रो ३, अटल सेतू आणि मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वे हे प्रकल्प हाती घेण्यात आले. मात्र येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. जपानी कर्जातून उभा राहणारा प्रत्येक प्रकल्प जपानी भाषेतील रोजगार निर्माण करीलच असे नाही, कारण अशा अनेक प्रकल्पांचे दैनंदिन व्यवहार इंग्रजीतच चालतात.

कोरियन उद्योगांची उपस्थिती संख्येने कमी, परंतु आकाराने मोठी आहे. पुणे जिल्ह्यात रांजणगाव येथे एलजीचा कारखाना आहे. रायगड जिल्ह्यात माणगावनजीक विळे-भागाड येथे पोस्कोचा पोलाद प्रकल्प आहे. तळेगाव येथील जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात घेतला आणि २०२५ मध्ये तेथे उत्पादन सुरू केले. मोठ्या वाहन कारखान्याभोवती सुटे भाग पुरविणाऱ्यांचे जाळे तयार होते. खरेदी, गुणवत्ता नियंत्रण, यंत्रांची उभारणी अशा विभागांत कोरियाहून आलेले अधिकारी आणि स्थानिक कर्मचारी यांच्यामध्ये दुवा ठरणाऱ्या व्यक्तीची गरज भासते. ही गरज संख्येने मोठी नसते; परंतु ती भागविणारे मराठी भाषकही मोजकेच असतात.

ई) शिक्षणाची परंपरा : पुण्यात जपानी भाषेच्या अध्यापनाला अनेक दशकांची परंपरा आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभाग, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि अनेक खाजगी वर्ग यांमधून शिक्षकांच्या पिढ्या तयार झाल्या आहेत. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेची, म्हणजे जेएलपीटीची, केंद्रे मुंबई आणि पुणे येथे आहेत. कोरियनचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात दीर्घकाळ दिले जाते; महाराष्ट्रात मात्र या भाषेचा शिक्षकवर्ग अद्याप लहान आहे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने या गोष्टीचे महत्त्व कोणत्याही आर्थिक आकडेवारीपेक्षा कमी नाही. पहिली पायरी शिकविणारा शिक्षक सापडतो. चौथी पायरी शिकविणारा सापडेल की नाही, हा खरा प्रश्न असतो.

३. उपयुक्ततेचा उंबरठा

भाषा थोडी आली तर थोडा उपयोग आणि अधिक आली तर अधिक उपयोग, असा समज सर्वत्र आढळतो. रोजगाराच्या क्षेत्रात असे घडत नाही. एका विशिष्ट पातळीपर्यंत भाषेचा व्यावसायिक उपयोग जवळजवळ शून्य असतो आणि त्या पातळीनंतर तो एकदम जाणवू लागतो. या पातळीला उपयुक्ततेचा उंबरठा म्हणता येईल.

जेएलपीटी १९८४ पासून घेतली जाते आणि २०१० पासून तिचे एन-५ ते एन-१ असे पाच स्तर आहेत. सर्वांत प्राथमिक एन-५ स्तराने नोकरी मिळत नाही. 'विशिष्ट कुशल कामगार' प्रवर्गासाठी सर्वसाधारणपणे एन-४ किंवा समकक्ष परीक्षा अपेक्षित असते. शुश्रूषा क्षेत्रासाठी त्या विषयाची वेगळी भाषा परीक्षाही द्यावी लागते. कार्यालयीन, तांत्रिक समन्वयाच्या किंवा भाषांतराच्या कामासाठी सामान्यतः एन-२ ची अपेक्षा केली जाते. जपानच्या उच्च कुशल व्यावसायिकांसाठीच्या गुणपद्धतीत ७० गुण आवश्यक असतात. त्यांत एन-२ ला १० आणि एन-१ ला १५ गुण मिळतात, त्याखालील स्तरांना गुण नाहीत. कोरियन भाषेची 'टोपिक' परीक्षा १९९७ मध्ये सुरू झाली. तिचे सहा स्तर आहेत. कोरियन शासनाच्या शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यास तेथे एक वर्ष भाषा शिकून तिसरा स्तर गाठावा लागतो, तेव्हाच पुढील अभ्यासक्रमास प्रवेश मिळतो.

आता हा उंबरठा गाठण्यास किती वेळ लागतो ते पाहू. २०१० पूर्वीच्या जेएलपीटीमध्ये प्रत्येक स्तरासाठी अध्ययनाचे अंदाजे तास दिलेले असत. सर्वांत प्राथमिक स्तरास १५०, आजच्या एन-४ शी जुळणाऱ्या स्तरास ३००, एन-२ शी जुळणाऱ्या स्तरास ६०० आणि सर्वोच्च स्तरास ९०० तास. चिनी लिपीचिन्हांची ओळख नसलेल्या विद्यार्थ्याला यापेक्षा अधिक वेळ लागतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना व्यावसायिक प्रावीण्य येण्यासाठी जपानी व कोरियन या दोन्ही भाषांकरिता ८८ आठवडे, म्हणजे सुमारे २,२०० तासिका गृहीत धरते.

याच्या शेजारी महाविद्यालयीन वेळापत्रक ठेवून पाहावे. दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम म्हणजे साधारण ३० तासिका. सहाही सत्रांत सलग असा अभ्यासक्रम घेतला तरी एकूण १८० तासिका होतात. एन-४ साठीच्या ३०० तासांपर्यंतही हे गणित पोहोचत नाही. प्रत्यक्षात बहुसंख्य वर्ग एक किंवा दोन सत्रांनंतर थांबतात. म्हणजे विद्यार्थ्याच्या हाती प्रमाणपत्र येते, परंतु तो उंबरठ्याच्या अलीकडेच राहतो. कोणती भाषा निवडली यापेक्षा, निवडलेली भाषा कोठवर नेली याचा परिणाम अधिक मोठा असतो, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

४. मराठी भाषकाच्या दृष्टीने अध्ययनाचा चढ

इंग्रजी भाषकांसाठी काढलेले तास मराठी भाषकांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मराठी, जपानी आणि कोरियन या तिन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. नामानंतर प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यये लागतात. आदरार्थी रूपांना महत्त्व असते. 'घरी जाऊन जेवतो' या वाक्यातील 'जाऊन' सारखी रचनाही दोन्ही भाषांत आहे. जपानीत 'इए-नी काएत्ते ताबेमास' आणि कोरियनमध्ये 'चिब-ए गासॉ मॉगॉयो' अशी वाक्ये होतात. घरी, जाऊन, खातो हा क्रम तिन्हींत तोच राहतो. इंग्रजीतून व्याकरण समजावून सांगणाऱ्या पाठ्यपुस्तकांमुळे हे साम्य झाकले जाते. मराठीतून शिकविल्यास वाक्यरचनेवरील बराच वेळ वाचू शकतो.

फरक पडतो तो लिपी आणि उच्चार यांत. कोरियन लिपी हंगुल ही राजा सेजोंगच्या कारकिर्दीत १४४३ मध्ये सिद्ध झाली आणि १४४६ मध्ये जाहीर करण्यात आली. तिची १४ व्यंजने व १० स्वर अशी २४ मूळ अक्षरे आहेत आणि ती काही दिवसांत शिकता येतात. त्यामुळे आरंभी विद्यार्थ्याला कोरियन सोपी वाटते. चढ नंतर सुरू होतो. मराठी भाषकाला क आणि ख यांतील भेद परिचित आहे. परंतु कोरियनमध्ये सौम्य, महाप्राण आणि ताणयुक्त अशी व्यंजनांची तिहेरी विभागणी आहे. शिवाय लिहिलेले आणि उच्चारलेले यांत फरक पडतो. 'हान्गुक' आणि 'माल' हे शब्द एकत्र आले की उच्चार 'हान्गुङ्माल' असा होतो.

जपानीचे उच्चार मराठी भाषकाला तुलनेने सुकर आहेत. हिरागाना व कताकाना या दोन अक्षरमालांत प्रत्येकी ४६ मूलचिन्हे आहेत. त्यांच्या पारंपरिक क्रमावर संस्कृत वर्णमालेचा प्रभाव असल्याने क, स, त, न ही मांडणी आपल्याला परकी वाटत नाही. खरी कसोटी कांजी चिन्हांची असते. सर्वसाधारण वापरासाठीच्या अधिकृत यादीत, २०१० च्या सुधारणेनंतर, २,१३६ चिन्हे आहेत. एन-४ नंतर अनेक विद्यार्थी थांबतात त्याचे हे एक प्रमुख कारण होय. म्हणून जपानी निवडणाऱ्याने स्मरणाच्या दीर्घ आणि नियमित सरावाची तयारी ठेवावी. कोरियन निवडणाऱ्याने श्रवण आणि उच्चारांच्या सरावाची सोय आधी पाहावी.

परीक्षांचे स्वरूपही येथे विचारात घ्यावे लागते. जेएलपीटीमध्ये लेखन व संभाषण यांची परीक्षा नसते. त्यामुळे केवळ प्रमाणपत्रासाठी तयारी केलेला विद्यार्थी मुलाखतीत अडखळतो. 'टोपिक'च्या तिसऱ्या ते सहाव्या स्तरांच्या परीक्षेत लेखनाचा भाग असतो. जेएलपीटीच्या प्रमाणपत्राला कालमर्यादा नाही. 'टोपिक'चा निकाल मात्र दोन वर्षेच ग्राह्य असतो. पदवीच्या पहिल्या वर्षी 'टोपिक' उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याचा निकाल पदवी हाती येईपर्यंत कालबाह्य होऊ शकतो. परीक्षा कोणत्या वर्षी द्यावी, हा सल्लाही म्हणूनच भाषेनुसार वेगळा असला पाहिजे.

५. विद्यार्थ्यानुसार निवड

वरील विवेचनाच्या आधारे काही प्रातिनिधिक परिस्थितींचा विचार करता येईल.

परिचर्या किंवा शुश्रूषा क्षेत्रातील विद्यार्थ्याला परदेशी काम करावयाचे असल्यास जपानी भाषा स्पष्टपणे अधिक उपयुक्त ठरते, कारण मार्ग कराराने निश्चित झालेला आहे. मात्र या मार्गाचे खरे स्वरूप विद्यार्थ्यासमोर ठेवणे हे मार्गदर्शकाचे कर्तव्य आहे. एन-४ वर मिळणारे काम बहुधा शारीरिक श्रमाचे असते. पहिल्या प्रकारच्या प्रवर्गात वास्तव्य एकूण पाच वर्षांपर्यंत असते आणि सर्वसाधारणपणे कुटुंबाला सोबत नेता येत नाही. जुलै २०२४ मध्ये येनचा दर एका डॉलरला सुमारे १६१ येनपर्यंत, म्हणजे १९८६ नंतरच्या नीचांकापर्यंत, घसरला होता. अशा चढउतारांमुळे रुपयांतील प्राप्ती बदलते. जपानच्या तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजनेत कामगाराला मालक बदलता येत नसे. या त्रुटीवर दीर्घकाळ टीका झाली आणि २०२४ मध्ये ती योजना बदलण्याचा कायदा करण्यात आला. पदवीधर विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी कर्ज काढण्यापूर्वी या बाबी जाणून घेतल्या पाहिजेत.

तळेगाव, चाकण, रांजणगाव परिसरातील अभियांत्रिकी पदविका किंवा पदवीच्या विद्यार्थ्यापुढे दोन्ही पर्याय खुले असतात. येथे तांत्रिक ज्ञान हे मुख्य आणि भाषा हे पूरक कौशल्य असते. जपानीची मागणी अधिक कंपन्यांत विभागलेली असल्याने धोका कमी आहे. कोरियनची मागणी थोड्या मोठ्या कंपन्यांवर अवलंबून आहे. तेथे स्पर्धक कमी, परंतु एखाद्या कंपनीचे धोरण बदलल्यास पर्यायही कमी.

संशोधनासाठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याने आधी विषय आणि प्रयोगशाळा ठरवावी, नंतर भाषा. दक्षिण कोरियाने २०२३ मध्ये, २०२७ पर्यंत तीन लाख परकीय विद्यार्थी आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. जपानचे उद्दिष्ट २०३३ पर्यंत चार लाखांचे आहे. दोन्ही देश शिष्यवृत्त्या देतात. अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत भाषा निवडीचे कारण नसून निवडीचा परिणाम असते.

भाषांतर किंवा अध्यापन हाच व्यवसाय करू इच्छिणाऱ्याचा विचार वेगळा आहे. २०१६ पासून मज्जाजालाधारित यंत्रभाषांतर आणि २०२२ नंतर संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने यांमुळे साध्या पत्रव्यवहाराचे किंवा माहितीपत्रकांचे भाषांतर हे काम मनुष्याच्या हातून सुटत चालले आहे. पूर्वी एन-३ पातळीच्या भाषांतरकाराला मिळणारे काम यंत्र करू लागल्याने या व्यवसायाचा उंबरठा वर सरकला आहे. प्रत्यक्ष संभाषणातील दुभाषी, तांत्रिक व कायदेशीर मजकुराची जबाबदारी घेणारा तज्ज्ञ आणि शिक्षक यांची गरज राहते. येथे कोरियन निवडणाऱ्याला एक संधी आहे : आज महाराष्ट्रात उच्च स्तरावर कोरियन शिकवू शकणारे कमी आहेत, ही उणीवच त्याचे क्षेत्र ठरू शकते. परंतु त्यासाठी राज्याबाहेर किंवा कोरियात जाऊन शिकण्याची तयारी हवी.

ज्याला कोरियन संगीत वा मालिकांमुळे भाषेची गोडी लागली आहे, त्याला केवळ उपयुक्ततेच्या नावाखाली जपानीकडे वळविणेही योग्य नाही. आवड हा शीघ्रगती घटक असला, तरी शेकडो तासांचा अभ्यास तिच्याच बळावर होतो. गोडी असलेल्या भाषेत उंबरठा ओलांडणे हे गोडी नसलेल्या भाषेत अर्ध्यावर थांबण्यापेक्षा केव्हाही हितावह आहे.

निवड कायमची असते, ही भीतीही अनाठायी आहे. चिनी मूळ असलेल्या शब्दांमुळे दोन्ही भाषांच्या शब्दसंपत्तीत मोठे साम्य आहे. ग्रंथालयाला जपानीत 'तोशोकान', कोरियनमध्ये 'तोसॉग्वान'. वचनाला 'याकुसोकु' आणि 'याक्सोक'. तयारीला दोन्हीकडे 'जुन्बी' म्हणतात. एका भाषेत मध्यम स्तर गाठलेल्याला दुसरी भाषा लवकर येते. मात्र दोन्ही भाषांचा आरंभ एकाच वेळी करणे टाळावे, कारण त्यात दोहोंचाही उंबरठा दूर राहतो.

६. महाविद्यालयाची जबाबदारी

निवडीचा प्रश्न विद्यार्थी विचारतो. परंतु त्याचे अर्धे उत्तर महाविद्यालयाने आधीच दिलेले असते. जो वर्ग सुरू होतो, तीच भाषा विद्यार्थी घेतो. म्हणून वर्ग सुरू करण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळविली पाहिजेत. किमान ३०० तासांचे अध्यापन तीन वर्षांत देता येईल का? प्राथमिक स्तरापुढे शिकविणारा शिक्षक उपलब्ध आहे का, किंवा जवळच्या संस्थेशी करार करता येईल का? आणि विद्यार्थ्याला बाह्य परीक्षेपर्यंत नेण्याची व्यवस्था आहे का? ही उत्तरे नकारार्थी असतील तर तो वर्ग भाषा-परिचयाचा वर्ग आहे, असे माहितीपत्रकात स्पष्ट लिहावे. परिचयाचा वर्ग वाईट नाही. तो रोजगाराचा वर्ग म्हणून चालविणे अयोग्य आहे. ग्रामीण भागातून येणाऱ्या आणि घरातील पहिल्या पदवीधर पिढीतील विद्यार्थ्याचा शिक्षकाच्या शब्दावर विशेष विश्वास असतो. त्याने भरलेली फी आणि दिलेली संध्याकाळ परत मिळत नाही, याचे भान ठेवणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१. भाषेची भावी उपयुक्तता हा त्या भाषेचा अंगभूत गुण नाही. विद्यार्थ्याचा विषय, त्याचे ठिकाण, उपलब्ध करार आणि त्याने गाठलेली पातळी यांच्या मेळातून ती निर्माण होते.

२. महाराष्ट्रातील बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या दृष्टीने आज जपानीचा मार्ग अधिक पक्का आहे. द्विपक्षीय करार, विखुरलेली मागणी, शिक्षकांची उपलब्धता आणि कालमर्यादा नसलेले प्रमाणपत्र ही त्याची कारणे होत.

३. कोरियनची उपयुक्तता अधिक मर्यादित, परंतु खरी आहे. विशिष्ट औद्योगिक पट्ट्यातील तंत्रज्ञ, कोरियात संशोधन करू इच्छिणारे विद्यार्थी आणि भावी शिक्षक यांच्यासाठी ती योग्य निवड ठरू शकते. भारताचा कोरियाच्या रोजगार परवाना पद्धतीत समावेश झाल्यास हे चित्र बदलेल. म्हणून मार्गदर्शकाने या बाबीवर लक्ष ठेवावे.

४. दोन भाषांमधील फरकापेक्षा उंबरठ्याच्या अलीकडे थांबणे आणि पलीकडे जाणे यांतील फरक मोठा आहे. 'कोणती भाषा?' या प्रश्नाआधी 'किती वर्षे, कोणाकडे आणि कोणत्या स्तरापर्यंत?' हे प्रश्न विद्यार्थ्याला विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे मिळाली की बहुतेक वेळा भाषेची निवड आपोआप स्पष्ट होते.